पहिला ताळमेळ

रिकाम्या कणगींतले दाणे मोजावयास कोणी बसला, तर त्यास आपण काय म्हणूं? वेडा म्हणणार नाहीं असा मनुष्य विरळाच. मोजावयाचें तें असलेल्याचें; नसलेल्याची मोजदाद हा ज्यास दुसरा उद्योग नाहीं त्याचा उद्योग, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि व्यवहारांत ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. तथापि गेल्या आषाढांत नेरूळच्या आमच्या घरीं एका यंत्रानें दोन रात्री खपून नेमकें हेंच काम केलें. व तें काम पाहतां पाहतां रिकामें कशास म्हणावें, भरलेलें कशास म्हणावें, आणि विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या बळावर ठेवावा, याविषयीं जे विचार आमच्या मनांत आले, ते वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुळांत हा खटाटोप उभा राहिला तो कांहीं जुन्या कागदांमुळें. आमचे तीर्थरूप महाडास शाळामास्तर होते. रोजनिशी लिहिण्याचा त्यांचा नेम चाळीस वर्षें अखंड चालला. आणि पुण्यास दिलेल्या आपल्या धाकट्या बहिणीस, म्हणजे आमच्या आत्यास, पंधरवड्यास एक पत्र घालण्याचा दुसरा नेमहि तितक्याच निष्ठेनें पाळला गेला. रोजनिशीच्या वह्या महाडच्या घरांत एका पत्र्याच्या ट्रंकेंत असत. २००५ सालच्या जुलै महिन्यांत ज्या पावसानें मुंबई बुडविली (सांताक्रूझ येथें २६ जुलैच्या एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला), त्याच दिवसांत सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें. शेजारच्या दासगांव व जुई या गांवांवर डोंगर कोसळून माणसें गाडलीं गेलीं. तेथें एका ट्रंकेचें दुःख तें काय सांगावें? पाणी ओसरल्यावर आमच्या वडील बंधूंनीं ट्रंक उघडली, तेव्हां आंत वह्या नव्हत्या; निळ्या शाईनें रंगलेला लगदा होता. बंधूंनीं तो विषय पुन्हां कधीं काढला नाहीं, आणि आम्हींहि काढला नाहीं. पुढें २०१२ सालीं आत्या वारली, तेव्हां तिच्या कपाटांतून वर्षावर्षाचे गठ्ठे बांधून ठेवलेलीं अकराशेंहून अधिक पत्रें निघालीं. जें पाणी महाडांत शिरलें तें पुण्यास पोंचलें नव्हतें, एवढ्याच एका कारणानें आमच्या वडिलांचें हस्ताक्षर आज या जगांत आहे.

चार वर्षांच्या मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुट्ट्या खर्चून आम्हीं तीं सर्व पत्रें स्कॅनरखालीं घातलीं. त्यांच्या जोडीस आजोबांनीं बांधून ठेवलेले जुन्या मासिकांचे खंड आले, मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी आल्या, लग्नामुंजींचे फोटो आले. आतां हें सारें ठेवावयाचें कोठें? एका हार्ड डिस्कवर ठेवावें, तर डिस्क ही फिरणारी वस्तु, आणि फिरणारी वस्तु आज ना उद्यां थांबावयाचीच. आमची कन्या ऐरोलीस संगणकाच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. ती म्हणाली, “बाबा, दोन दोन टेराबाइटच्या पांच डिस्क घ्या, आणि त्यांचा एकच संच करूं.” तिच्या आईस हें पटेना. “पत्रें एका माणसाचीं, आणि डिस्क पांच कशाला ग?” कन्येनें उत्तर दिलें, “आई, चारांत माल आणि पांचव्यांत ताळा.”

ताळा हा शब्द ऐकतांच आमचें लक्ष वेधलें. कारण पाढे व त्रैराशिक शिकलेल्या आमच्या पिढीस त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं. घरखर्चाच्या वहींत एका ओळींत किराणा ४०, दूध १२, भाडें ३०, किरकोळ ८ असे चार आंकडे आहेत व शेवटीं ९० ही बेरीज आहे असें समजा. वाळवीनें दुधाचा रकाना खाऊन टाकला, तरी बिघडलें कांहीं नाहीं. उरलेल्या तिहींची बेरीज ७८, ती ९० मधून वजा केली कीं दुधाचे १२ परत हातीं येतात. पांच रकान्यांपैकीं कोणताहि एक गेला तरी उरलेले चार त्यास पुन्हां उभा करतात. दोन गेले तर मात्र उपाय नाहीं. संगणकाचा संच हेंच करतो. भेद एवढाच कीं, तो बेरीज मांडीत नाहीं, सम-विषम पाहतो: प्रत्येक ओळींतील एकांची संख्या सम व्हावी असा एक अंक तो शेवटीं लिहून ठेवतो. शिवाय हा ताळ्याचा रकाना सदैव एकाच डिस्कवर नसतो. कांहीं ओळींचा ताळा पहिलीवर, कांहींचा दुसरीवर, असा तो पाळीपाळीनें फिरता ठेवतात, म्हणजे कोणा एकीवरच सर्व भार पडत नाहीं.

ही कल्पना मोठी जुनी नव्हे. १९८८ सालीं अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांतल्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, एका अवाढव्य व महाग डिस्कऐवजीं पुष्कळ लहान व स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्या. आणि जितक्या डिस्क अधिक तितके बिघाडहि अधिक, म्हणून कांहीं जागा जाणूनबुजून ताळ्यास सोडावी. या रचनेस त्यांनीं रेड असें नांव दिलें. त्या नांवांतील एक अक्षर मूळ ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचें होतें. पुढें बाजारानें त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून घेतला. स्वस्त म्हणून घरांत आलेला मनुष्य थोड्याच दिवसांत स्वतंत्र म्हणवूं लागतो, हा अनुभव संसारांतहि कांहीं अपूर्व नाहीं! प्रथम या कामास वेगळें यंत्र लागे. लिनक्समध्यें तें केवळ आज्ञावलीच्या जोरावर होतें, आणि त्यासाठीं लागणारें एमडीएडीएम नांवाचें साधन नील ब्राऊन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं लिहिलेलें आहे. आमच्या घरचा जुना संगणक या कामीं पुरेसा ठरला, हें आमच्या खिशाच्या दृष्टीनें सांगण्याजोगें आहे.

रात्रीं नऊ वाजतां कन्येनें आज्ञा दिली. पांचांपैकीं एक डिस्क तिच्या जुन्या संगणकांतून काढलेली होती. यंत्रानें ती ओळखून, या डिस्कवर पूर्वींचें कांहीं दिसतें, तरीहि पुढें जावें काय, असा प्रश्न केला. होकार मिळाल्यावर काम सुरू झालें. पडद्यावर पांच डिस्कच्या पांच खुणा उमटल्या. चार जागीं इंग्रजी यू हें अक्षर आणि पांचव्या जागीं नुसती एक आडवी रेघ. तें पाहून सौभाग्यवतींनीं विचारलें, “अहो, एक आजच गेली कीं काय?” गेली नव्हती. नवा संच मांडतांना हें यंत्र मुद्दामच एक डिस्क गैरहजर धरतें; उरलेल्या चारांवर जें असेल तें खरें मानतें, आणि त्यांवरून पांचवीवर काय असावयास हवें तें काढून आरंभापासून अखेरपर्यंत लिहीत जातें. सर्व पांचही वाचून जेथें जेथें मेळ बसत नाहीं तेथें तेथें दुरुस्ती करीत बसण्यापेक्षां, चारांनीं सरळ वाचावें व एकीनें सरळ लिहावें, हें बहुधा अधिक लवकर होतें. तरीसुद्धां प्रत्येक डिस्कवर दोन लक्ष कोटि बाइट; तेव्हां काम तासांचें होतें, मिनिटांचें नव्हतें.

आमच्या शेजारच्या इमारतींत वाणिज्यशाखेचे एक प्राध्यापक राहतात. जेवणानंतर शतपावलीस निघालेले ते आमच्याकडे डोकावले व पडद्याकडे पाहून म्हणाले, “पण यांत तुम्हीं अजून एक कागदहि ठेवला नाहीं ना? मग हें मेळ घालतें तें कशाचा?” कन्या म्हणाली, “काका, डिस्क रिकामी अशी कधीं नसतेच. आपण फाइल ठेवली नाहीं म्हणून ती आपल्या लेखीं रिकामी. तिच्या पृष्ठावर शून्य नाहीं तर एक, असें कांहीं ना कांहीं जागोजाग असतेंच.” संच चालविणारा थर, तिनें समजाविलें, फाइलींच्या खालचा असतो. कोणत्या ओळींत पत्र आहे आणि कोणत्या ओळींत कांहींच नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. त्याचें वचन एकच असतें: प्रत्येक ओळीचा ताळा जुळलेला आहे. तें वचन एका ओळीपुरतें खोटें असलें तर सर्वच ओळींविषयीं संशय उत्पन्न होतो. म्हणून पहिल्या रात्रीं तें सर्व ओळींना सारखें लागू करावें लागतें. सन कंपनीनें २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या झेडएफएसमध्यें फाइलींची व्यवस्था आणि डिस्कची व्यवस्था एकाच हातीं असते. त्यास काय लिहिलें आहे तें ठाऊक, म्हणून त्यास हा पहिला ताळमेळ घालावा लागत नाहीं. आमच्या यंत्रास तें ज्ञान नाहीं, आणि ज्यास ज्ञान नाहीं त्यानें श्रमानें तें भरून काढावें हें न्याय्यच होय.

“मग ताळा जुळलेलाच आहे असें समजून चाल, असें त्याला सांगतां नाहीं का येत?” असें स्नेह्यांनीं विचारलें. येतें. तशी एक आज्ञा खरोखरच आहे, आणि ती दिली असतां सारें काम क्षणांत उरकल्याचें दिसतें. सर्व डिस्कवर आधींच शून्यें लिहिलेलीं असलीं, तर तीं समजूत खरीहि असते. कारण शून्यांचा ताळा शून्यच. पण तसें नसेल तर काय होतें? पत्र ठेवावयाची वेळ आली म्हणजे यंत्र दर वेळीं सगळे रकाने पुन्हां मांडीतच बसतें असें नाहीं. पांच डिस्कच्या संचांत लहानसा फेरफार करावयाचा असेल, तर तें जुना मजकूर व जुना ताळा वाचतें, आणि नव्या-जुन्यांत जेवढा फरक पडला तेवढाच ताळ्यांत करतें. जुना ताळा बरोबर असेल तर नवाहि बरोबर; जुना चुकलेला असेल तर नवा तितक्याच चुकीनें चुकलेला. त्या चुकीचा पत्ता कोणासहि लागत नाहीं. पत्रें उघडतात, वाचतां येतात, सर्व कांहीं सुरळीत चालतें. पुढें एखाद्या दिवशीं एक डिस्क मरते, तिची जागा भरण्यासाठीं ताळा पुढें येतो, आणि त्या खोट्या ताळ्यांतून जें पत्र निर्माण होतें तें कोणीहि कधींहि लिहिलेलें नसतें.

आमचे स्नेही हें ऐकून थोडा वेळ स्तब्ध राहिले. नंतर म्हणाले, “ही तर आरंभींच्या शिल्लकेची गोष्ट झाली. आम्ही वर्गांत मुलांना पहिल्याच दिवशीं सांगतों, कीं रोजकीर्द कितीहि चोख लिहा, ओढून आणलेली बाकी चुकली असली तर वर्षअखेरपर्यंत एकहि शिल्लक खरी निघावयाची नाहीं. आणि तुमचा रोजचा जमाखर्च मात्र रोज बिनचूक असेल!” यापेक्षां नेमका दृष्टान्त आम्हांस सुचला नसता. रोजचा व्यवहार बिनचूक आणि पायाच खोटा, अशी माणसें, अशा संस्था व अशीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. आणि संकट येईपर्यंत तीं सर्व उत्तम चाललेलीं दिसतात, हेंहि पाहिलें आहे.

त्या रात्रीं साडेअकराच्या सुमारास, काम साठ टक्क्यांच्या पुढें गेलें असतां, यंत्राच्या नोंदींत तांबड्या ओळी उमटूं लागल्या. तिसऱ्या डिस्कवरील अमुक भाग वाचतां येत नाहीं, तमुक भाग वाचतां येत नाहीं, एकामागून एक. डिस्क नवी कोरी, त्याच आठवड्यांत विकत आणलेली. कन्येनें काम थांबविलें. “बाबा, बरं झालं,” ती म्हणाली. तिचा स्वर आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटला. पण विचार करतां तिचें म्हणणें यथार्थ होतें. पहिल्या सहा हजार पृष्ठांनीं त्या डिस्कचा आरंभींचा थोडासा भाग व्यापला असता. साठ टक्क्यांच्या पलीकडच्या त्या सडक्या भागापर्यंत पोंचावयास आम्हांस कित्येक वर्षें लागलीं असतीं, आणि तोंपर्यंत आमचा त्या संचावर पूर्ण विश्वास बसलेला असता. मध्यंतरीं दुसरी एखादी डिस्क बंद पडून नवी घातली असती, म्हणजे उरलेल्या चारही इत्थंभूत वाचण्याचा प्रसंग आला असता. आणि नेमक्या त्याच वेळीं तिसरीनें हात टेकले असते. म्हणजे रिकामी कणगी मोजतां मोजतां तिच्या बुडाशीं उंदराचें बीळ सांपडलें. धान्य भरल्यावर तें सांपडलें असतें तें कशा रीतीनें, हें सांगावयास नको. दुकानदारानें तिसऱ्या दिवशीं डिस्क बदलून दिली.

मधल्या दोन दिवसांत सायंकाळीं स्टेशनाकडे फिरावयास जातांना आमच्या मनांत एक निराळीच गोष्ट घोळूं लागली. आम्ही राहतों तें हें नेरूळ तरी काय आहे? १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० सालच्या मार्चमध्यें सिडको स्थापन झाली, आणि ठाणें व कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा नकाशा अंथरला गेला. घरें उभीं राहण्यापूर्वीं सेक्टरांस आंकडे मिळाले. माणसें येण्यापूर्वीं गटारांचे उतार ठरले. १९९२ सालीं मानखुर्दाहून रेल्वे खाडी ओलांडून वाशीस आली व पुढच्याच वर्षीं नेरूळापर्यंत पोंचली, तेव्हांहि पुष्कळ सेक्टरांत आंकडा होता व वस्ती नव्हती. रिकाम्याची अशी काटेकोर मोजणी झाली म्हणूनच आज लक्षावधि माणसें येथें सुखानें राहत आहेत, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. कोणी महाडचा, कोणी नागपूरचा, कोणी केरळचा. ज्याचा त्याचा मजकूर निराळा, पण नळ एक, रस्ता एक, लोकल एक. यांतच आमचा ताळमेळ.

पण ज्यास आम्ही रिकामें म्हणतों तें रिकामें होतें काय? कन्येचें तें वाक्य आमचा पिच्छा सोडीना. आमच्या सेक्टरापासून हाकेच्या अंतरावर जुनें नेरूळ गांव आहे. सारसोळें आहे, करावें आहे, शिरवणें आहे. तेथें भातखाचरें होतीं, मिठागरें होतीं, खाडींत होड्या होत्या, आगरी-कोळ्यांचीं कुलदैवतें होतीं. नकाशा काढणाऱ्याच्या कोष्टकांत या गोष्टींस रकाना नव्हता, म्हणून ती भूमि कोरी ठरली. या भूमिपुत्रांचें म्हणणें कागदावर येण्यास काय पडलें, हें आज नव्या इमारतींतून राहणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसतें. १९८४ सालीं जानेवारीच्या १६ व १७ तारखांस दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण तालुक्यांत जें आंदोलन झालें, त्यावर गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले; आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढें आली ती त्या लढ्यांतूनच. आमच्या टेबलाखालच्या यंत्रानें पांचव्या डिस्कवरचें जुनें सारें पुसलें हें खरें. पण पुसण्यापूर्वीं त्यानें एकदां विचारलें होतें. मोठमोठ्या नकाशांस एवढीहि रीत पाळण्याची संवय नसते. ताळमेळ ही चांगली गोष्ट आहे. मात्र तो घालतांना कोणाचें खरें धरलें आणि कोणास पुसून नव्यानें लिहिलें, हा प्रश्न विचारल्यावांचून त्याची चांगुली पुरी होत नाहीं.

दुसऱ्या रात्रीं पुन्हां नऊ वाजतां आरंभ झाला. या खेपेस आम्ही जवळच खुर्ची टाकून बसलों, आणि यंत्राचा स्वभाव थोडा अधिक कळला. आरंभीं त्यानें पावणेचार तासांत काम संपेल असें सांगितलें. पण जसजशी रात्र चढूं लागली तसतसा त्याचा वेग मंदावला व अंदाज लांबत गेला. कारण सोपें आहे. डिस्कची तबकडी बाहेरच्या कडेपासून भरत आंत येते. बाहेरचा वेढा मोठा, त्यांत एका फेऱ्यांत अधिक अक्षरें मावतात. आंतले वेढे लहान, म्हणून फेरे तितकेच होऊनहि पदरीं कमी पडतें. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास हें निराळें समजावून द्यावें लागलें नाहीं. दुसरें असें कीं, हें यंत्र मोठें मर्यादशील आहे. धन्यानें दुसरें कांहीं काम काढलें कीं तें ताळमेळ बाजूस सारतें. पण अगदींच सोडून देत नाहीं. सेकंदास एक हजार किलोबाइट ही त्याची किमान चाल ठरलेली, आणि दोन लक्ष ही कमाल. कामाच्या गर्दींत नित्यनेम कमी करावा, पण मोडूं नये, ही शिकवण आमच्या वडिलांचीहि होती.

सव्वाअकरा वाजतां पावसाची मोठी सर आली व वीज गेली. यूपीएसची बॅटरी थोड्याच वेळाची. कन्येनें यंत्र रीतसर बंद केलें. सौभाग्यवतींनीं मेणबत्ती आणली. “आतां सगळं पहिल्यापासून का?” त्यांनीं विचारलें. बारा वाजतां वीज आली, आणि यंत्रानें जेथें सोडलें होतें तेथूनच पुढें काम धरलें. कारण आपण कोठवर आलों याची खूण तें डिस्कवरच लिहून ठेवतें. अडीच वाजून गेल्यावर शेवटची ओळ जुळली. आडव्या रेघेच्या जागीं अक्षर आलें; पांचांच्या पांच खुणा एका ओळींत उभ्या राहिल्या. आम्हांस वाटलें, झालें एकदांचें. पण कन्या म्हणाली कीं, पहिला ताळा हा शेवटचा नव्हे. आमच्या घरीं डेबियन नांवाचें लिनक्स आहे. तें दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं उत्तररात्रीं सर्व ओळी आपण होऊन पुन्हां वाचून पाहतें. एकदां जुळलेलें कायम जुळलेलें राहतें, यावर त्याचा विश्वास नाहीं.

आमच्या पूर्वजांचाहि नव्हता. वेद कागदावर नसतांना त्यांनीं ते कशाच्या बळावर राखले? घनपाठी वैदिक दोन शब्द सुलट म्हणतो, मग उलट, नंतर त्यांत तिसरा मिसळून सुलट, उलट व परत सुलट. असें एकेक पद तो अनेक वेळां अनेक बाजूंनीं उच्चारतो. अर्थाच्या दृष्टीनें ही निव्वळ पुनरुक्ति आहे. परंतु एक स्वर चुकला तरी ती पुनरुक्ति त्याचा माग काढते. ताळा म्हणतात तो हाच. उलटपक्षीं जे कागद एकाच घरीं राहिले त्यांचें काय झालें, हें इतिहासाचार्य राजवाड्यांनीं आयुष्यभर पाहिलें. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड त्यांनीं प्रसिद्ध केला, व पुढें गांवोगांव पायपीट करून वाळवी, पाणी आणि रद्दीवाला यांच्या तावडींतून दप्तरें सोडविलीं. ज्याची नक्कल झाली तें टिकलें. ज्याची झाली नाहीं त्याचें नांवहि उरलें नाहीं.

आणि म्हणूनच आमच्या पांच डिस्कच्या संचाविषयीं फाजील अभिमान धरण्याचें कारण नाहीं. पांचहि डिस्क एका पेटींत, पेटी एका टेबलाखालीं, टेबल एका घरांत. एक डिस्क मेली तर संच तारून नेईल. पण आग लागली, चोर शिरला किंवा खाडी रस्त्यावर आली, तर पांचहि एकदम जातील, आणि त्यांच्या बरोबर ताळाहि जाईल. इतकेंच नव्हे, तर आम्हींच हातानें एखादें पत्र पुसलें, तर हें इमानी यंत्र तें पांचहि डिस्कवरून तितक्याच तत्परतेनें पुसून ताळा जुळवून ठेवील. ताळा हा बिघाडावरचा उपाय आहे, नाशावरचा नव्हे. नाशावरचा उपाय आमच्या आत्यानें कोणतेंहि शास्त्र न शिकतां केला होता: दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या कपाटांत, वर्षावर्षाचे गठ्ठे बांधून.

तिचाच कित्ता गिरवून आम्हीं सर्व पत्रांची दुसरी प्रत एका सुट्या डिस्कवर उतरविली व नागपुरास पुतण्याकडे पाठविली. श्रावणांत वडील बंधू चार दिवस आमच्याकडे आले होते. त्यांस आम्हीं पडद्यावर एक पत्र काढून दाखविलें. त्यांच्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीं वडिलांनीं आत्यास लिहिलेलें तें पत्र होतें. त्यांत त्यांचे गुण विषयवार दिले होते, आणि गणिताच्या गुणांखालीं शाईची एक दुहेरी रेघ ओढलेली होती. बंधूंनीं चष्मा पुसून तें दोन वेळां वाचलें. मग टेबलाखालच्या पेटीकडे पाहून ते एवढेंच म्हणाले, “इथं पाणी शिरलं तर?”

“नागपूरची प्रत आहे,” आम्हीं सांगितलें.

त्यांनीं मान डोलावली, आणि पुढचें पत्र काढावयास सांगितलें.